न्हाणीघरांतील बिघडलेला गीझर : दोष कसा शोधावा

महाडजवळ सावित्री नदीच्या कांठीं सव या गांवीं ऊन पाण्याचे झरे आहेत. तेथें भूगर्भांतील उष्णताच पाणी तापविते. तिला सरपण लागत नाहीं, आणि ती बिघडल्याची तक्रारही कोणी करीत नाहीं. इतर गांवच्या लोकांस मात्र स्नानाचें पाणी स्वतःच तापवावें लागतें. बिरवाडी व आसपासच्या गांवांतून पूर्वीं चुलाण्यावरील हंडा किंवा तांब्याचा बंब हें काम करी. आज अनेक घरीं न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचा गीझर दिसतो. बंबाचा दोष डोळ्यांस दिसे. धूर कोंडला, निखारा विझला, तळ गळूं लागला, हें लहान मुलासही कळे. विजेचा दोष तसा दिसत नाहीं. तो लक्षणांवरून ओळखावा लागतो. म्हणून गीझर नीट चालेनासा झाला म्हणजे दोष कसा शोधावा, त्यांतील किती काम घरच्यांनीं करावें आणि कोठें थांबावें, याचा येथें विचार करूं.

प्रथम गीझरची रचना ध्यानांत घ्यावी. विरोध असलेल्या तारेंतून विजेचा प्रवाह गेला कीं उष्णता उत्पन्न होते. हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास प्रयोगांनीं सिद्ध केला. गीझरमधील कॉइल याच नियमानें तापते. तिची तार निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची असून, ती धातूच्या नळींत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटींत पुरलेली असते. ही भुकटी उष्णतेस बाहेर जाऊं देते, पण विजेस अडवून धरते. पाणी ठराविक प्रमाणांत तापलें म्हणजे थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो. तो चुकल्यास दुसरा राखणदार, थर्मल कट-आउट, तेंच काम करतो. टाकींतील दाब फार वाढल्यास सुरक्षा-व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो.

कोणतीही तपासणी करण्यापूर्वीं घराचा मेन स्विच बंद करावा. भिंतीवरील बटण बंद करणें पुरेसें नाहीं. कारण तारा उलट जोडलेल्या असल्यास बटण बंद असूनही आंतील भागांत वीज असूं शकते. हात ओले नसावेत, पाय कोरड्या जमिनीवर असावेत, आणि मुलांनीं हें काम वडीलधाऱ्यांवांचून करूं नये.

आतां एकेक लक्षण घेऊं. गीझरवरील दिवा लागत नाहीं व पाणीही तापत नाहीं, तर बहुधा वीजच तेथवर पोंचत नाहीं. घरांतील इतर दिवे लागतात काय, गीझरसाठीं असलेला एम्‌सीबी खालीं पडला आहे काय, हें पाहावें. पडलेला एम्‌सीबी एकदां वर करावा. तो पुन्हां पडला तर तिसऱ्यांदां हट्ट धरूं नये. त्यानंतर, मेन स्विच बंद असतांना, पिन व सॉकेट पाहावें. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणून त्यास १६ अँपिअरचें मोठें सॉकेटच पाहिजे. दिव्या-पंख्याच्या लहान सॉकेटवर तो चालविल्यास पिन तापते, प्लॅस्टिक काळवंडतें व जळका वास येतो. असें सॉकेट बदलल्यावांचून गीझर पुन्हां लावूं नये.

दिवा लागतो, पण पाणी थंडच, तर कॉइलची तार तुटली असण्याचा संभव अधिक. कांहीं गीझरांत थर्मोस्टॅट बिघडल्यासही असेंच दिसतें. वायरमन मीटर लावून विरोध मोजतो. दोन हजार वॅटच्या चांगल्या कॉइलचा विरोध सुमारें २६ ओहम भरतो. तार तुटलेली असल्यास मीटर अनंत विरोध दाखवितो, म्हणजे मार्गच खंडित असतो. नवा गीझर लावतांना किंवा टाकी रिकामी केल्यावर एक काळजी अवश्य घ्यावी. गरम पाण्याच्या तोटींतून अखंड धार आल्यावरच बटण दाबावें. कोरड्या टाकींत कॉइल अल्पावकाशांत जळून जाते.

पाणी तापतें, पण फार वेळानें, ही सर्वांत सामान्य तक्रार होय. येथें विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करावें. पंधरा लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारें ०.६ युनिट वीज लागते. दोन हजार वॅटच्या गीझरला त्यासाठीं अठरा मिनिटें पुरतात. घड्याळ लावून पाहावें. वेळ याहून पुष्कळ अधिक लागत असेल, तर कारणें मुख्यतः दोन. एक, कॉइलवर क्षारांचा थर बसला असेल. विंधन विहिरीच्या जड पाण्यानें तो लवकर बसतो. दुसरें, विजेचा दाबच कमी असेल. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होते. म्हणून दाब २३० वरून १८४ व्होल्टवर उतरला तर शक्ति शेंकडा ६४ इतकीच उरते, आणि अठरा मिनिटांचें काम अठ्ठावीस मिनिटांवर जातें. अशा वेळीं गीझर निर्दोष असतो. तो उघडून कांहीं लाभ नाहीं.

शॉवरमधून धार बारीक येत असेल, तर दोष विजेचा नसून पाण्याचा असतो. शॉवरची चाळणी काढून ती व्हिनेगरमध्यें कांहीं तास भिजवावी व छिद्रें मऊ ब्रशानें घासावीं. गरम पाण्यांत थंड पाणी मिसळणारी तोटी अर्धवट उघडी राहिल्यासही पाणी कोमट येतें, हेंही विसरूं नये.

सुरक्षा-व्हॉल्व्हमधून तापतांना थोडे थेंब पडले तर घाबरूं नये. तापलेलें पाणी फुगतें. पंधरा लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलें तर त्याचें आकारमान सुमारें २०० मिलिलिटर, म्हणजे एका पेल्याइतकें, वाढतें. हे थेंब त्रासदायक म्हणून कित्येक लोक व्हॉल्व्हला बूच मारतात. हें अत्यंत घातक आहे. थर्मोस्टॅट बिघडला व वाटही बंद असली, तर टाकी फुटूं शकते. उलट, तोटींतून वाफ येऊं लागली किंवा टाकींत उकळण्याचा आवाज आला, तर तत्काळ मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावें.

आतां सर्वांत महत्त्वाचें लक्षण : तोटीला हात लावतांच झिणझिण्या येणें, किंवा गीझर सुरू करतांच ईएलसीबी पडणें. पुष्कळांची समजूत अशी कीं, घरांत फ्यूज अथवा एम्‌सीबी आहे, तेव्हां माणसास भय नाहीं. ही समजूत चुकीची आहे. १६ अँपिअरचा एम्‌सीबी त्याहून अधिक प्रवाह वाहूं लागला तरच पडतो. तो तारांचें रक्षण करतो. मनुष्याच्या शरीरांतून अँपिअरचा दहावा हिस्सा गेला तरी हृदय थांबूं शकतें, आणि एवढ्याशा प्रवाहाची एम्‌सीबीला दादही नसते. ईएलसीबीची पद्धति निराळी. तो जमाखर्च ठेवणाऱ्या दक्ष कारकुनाप्रमाणें गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह ताडून पाहतो. त्यांत ३० मिलिअँपिअरची तूट आली कीं तो क्षणार्धांत वीज तोडतो; कारण तुटीचा प्रवाह भलत्या वाटेनें, कदाचित् माणसाच्या देहांतून, जमिनींत जात असतो. म्हणून वारंवार पडणारा ईएलसीबी काढून टाकणें किंवा त्यास वगळून तार जोडणें म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्यास मारून चोरास दार उघडणें होय. त्यावरील परीक्षेचें बटण वीज चालू असतांना महिन्यांतून एकदां दाबावें. तो पडला नाहीं तर बदलून घ्यावा.

याचा जोडीदार म्हणजे अर्थिंग. पिनेचा तिसरा पाय जाड व लांब असतो, तो याचसाठीं कीं जमिनीचा संबंध सर्वांआधीं जुळावा. परंतु आपल्याकडील खडकाळ जमीन पावसाळ्यांत ओलीचिंब असली तरी चैत्र-वैशाखांत अगदीं कोरडी पडते, आणि कोरडी जमीन वीज नीट घेत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालावें, आणि वर्षांतून एकदां वायरमनकडून त्याचें माप घ्यावें.

पुराविषयीं दोन शब्द. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी या नद्यांचें पाणी महाड शहरांत शिरलें, तेव्हां कित्येक घरांतील विजेचे बोर्ड चिखलानें भरून गेले. अशी वस्तु बाहेरून वाळली म्हणजे सुरक्षित झाली असें नव्हे. आंतील ओला गाळ वीज वाहूं देतो. पुरांत सांपडलेला गीझर वा बोर्ड वायरमननें मेगर यंत्रानें तपासल्यावांचून सुरू करूं नये.

सारांश, वेळ मोजणें, चाळणी धुणें, सॉकेट निरखणें, ईएलसीबीचें बटण दाबणें, एवढें घरच्यांनीं करावें. गीझरचें झांकण उघडणें, कॉइल बदलणें व अर्थिंग मोजणें हें परवानाधारक वायरमनचें काम. तो येईपर्यंत पिन काढून ठेवावी आणि चुलीवर एक हंडा पाणी तापवावें. स्नानास अर्धा तास उशीर झाला तर शाळेंत त्याची क्षमा होईल. झिणझिण्या येत असतांही केलेल्या घाईची क्षमा वीज कोणासही करीत नाहीं.