ग्रासकटरच्या पेट्रोलात ऑईल किती घालावे?



पाऊस ओसरला, भात कापून झालं, की आंब्या-काजूच्या बागांतून एकच घाई सुरू होते, ती गवत काढायची. कमरेएवढं वाढलेलं रान वेळेवर साफ झालं नाही, तर पुढे फवारणीला धड चालता येत नाही. सापकिरडाची भीती असते ती वेगळीच. आणि माघ-फाल्गुनात कुणाच्या विडीची ठिणगी कातळावरच्या सुक्या गवतात पडली, तर वणवा गडगा ओलांडून सरळ बागेत शिरतो. वीस वर्षं जपलेली हापूसची झाडं एका दुपारात होरपळतात.

गडीमाणसं वेळेला मिळत नाहीत, म्हणून आता आपल्या जिल्ह्यात गावोगाव ग्रासकटर आले आहेत. यंत्र चांगलं आहे, काम झपाट्याने होतं. पण तेच यंत्र ऐन हंगामात जाम होऊन बसतं, आणि मग नवा बोअर-पिस्टन बसवायला तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागतात. अशा वेळी पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा : पेट्रोलात ऑईल मापून घातलं होतं, की अंदाजाने?

आधी आपले यंत्र ओळखा

ग्रासकटर दोन जातींचे मिळतात, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. फोर-स्ट्रोक इंजिनाला ऑईल घालायचं वेगळं तोंड असतं आणि ऑईल इंजिनाच्या पोटात वेगळं राहतं. होंडाचं जीएक्स ३५ हे इंजिन या जातीचं. त्याच्या टाकीत नुसतं पेट्रोल घालावे, ऑईल मिसळू नये.

टू-स्ट्रोकला असं वेगळं तोंड नसतं. पुष्कळ यंत्रांच्या टाकीच्या झाकणावर पंपाचं आणि ऑईलच्या थेंबाचं चित्र असतं, कधी शेजारी प्रमाणाचा आकडाही असतो. खालची सगळी माहिती या टू-स्ट्रोक यंत्रांसाठी आहे. पाठीवरचा पॉवर स्प्रे आणि लाकूड कापायची पेट्रोलवरची करवतही बहुधा याच जातीची असते.

ऑईल कशासाठी?

बैलगाडीच्या आखाला वंगण नसेल तर काय होतं, हे सांगायला नको. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळायची वाट एकच. पेट्रोल सिलिंडरात जाण्याआधी इंजिनाच्या पोटातून जातं. तिथे त्याच्यातलं ऑईल बेअरिंगवर, कनेक्टिंग रॉडवर आणि पिस्टनच्या अंगावर बसतं. मग उरलेलं पेट्रोलाबरोबर जळून जातं. म्हणजे हे वंगण दर क्षणाला नवं लागतं. टाकीत नुसतं पेट्रोल गेलं, तर भर वेगात पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि धरून बसतो. याला काही मिनिटंही पुरतात.

मग जास्त घातलं तर बरंच, असं कुणी म्हणेल. तसंही नाही. जास्तीचं ऑईल पुरतं जळत नाही. प्लग काळा पडतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचून यंत्राचा जोर जातो. धूर होतो तो यंत्र चालवणाऱ्याच्याच नाकातोंडात. शिवाय ऑईल वाढलं तेवढं त्या मिश्रणातलं पेट्रोल कमी झालं, हेही ध्यानात घ्या.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १९७२ साली लूना आली, त्याच साली चेतक स्कूटर आली. त्या चालवलेल्यांना आठवत असेल, पंपावर पेट्रोलाबरोबर ऑईल घालून घ्यावं लागे, आणि पुष्कळ जण "थोडं जास्तच घाल रे" म्हणत. शहरांत अशा गाड्यांचा धूर इतका झाला की दिल्लीत १९९८ च्या अखेरीपासून सुटं टू-टी ऑईल विकायला बंदी करावी लागली.

प्रमाण कसे वाचावे?

पुस्तिकेत ५०:१ किंवा १:५० असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा अर्थ एकच : पन्नास भाग पेट्रोल, एक भाग ऑईल. हिशोब सोपा आहे. एक लिटर म्हणजे १००० मिलिलिटर. त्याला प्रमाणातल्या मोठ्या आकड्याने भागा, लिटरला लागणारं ऑईल मिळेल.

५०:१ – १ लिटर पेट्रोलला २० मिलि, ५ लिटरला १०० मिलि
४०:१ – १ लिटरला २५ मिलि, ५ लिटरला १२५ मिलि
३३:१ – १ लिटरला ३० मिलि, ५ लिटरला १५० मिलि
२५:१ – १ लिटरला ४० मिलि, ५ लिटरला २०० मिलि

कुठे टक्क्यांत लिहिलं असेल, तर २ टक्के म्हणजे ५०:१ आणि ४ टक्के म्हणजे २५:१.

आता यातलं आपलं कोणतं? ते शेजाऱ्याला विचारून ठरवू नये. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच खरं. पुस्तिकाही नीट वाचावी, कारण कधी कधी तिच्यात दोन आकडे असतात. हुस्कवार्ना कंपनी स्वतःच्या ऑईलला ५०:१ सांगते आणि दुसरं ऑईल वापरल्यास ३३:१. स्टिलच्या कित्येक पुस्तिकांत कंपनीच्या ऑईलला ५०:१ आणि दुसऱ्याला २५:१ असं असतं. म्हणजे ऑईलची बाटली बदलली, की प्रमाणही पुन्हा पाहायला हवं. नव्या यंत्राला पहिले काही तास जास्त ऑईल घालायला सांगितलं असेल, तर तेवढे तास तसं करावे, पुढे नेहमीच्या मापावर यावे.

पुस्तिका हरवली असेल, तर यंत्रावरचं नाव आणि मॉडेलचा नंबर कागदावर लिहून विक्रेत्याकडे जा आणि त्याच्याकडून आकडा लिहूनच घ्या.

ऑईल कोणते?

बाटलीवर "टू-स्ट्रोक" किंवा "टू-टी" लिहिलेलं आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचं ऑईल घ्यावे. दर्जाची खूण म्हणून जासो एफबी, एफसी किंवा एफडी अशी अक्षरं असतात. एफबीपेक्षा एफसी धूर कमी करतं, आणि एफडी इंजिन आतून अधिक स्वच्छ ठेवतं. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जापेक्षा खालचं घेऊ नये. ऑईल निळं, लाल की हिरवं, यावर जाऊ नका. तो रंग पेट्रोलात ऑईल मिसळलंय हे कळावं म्हणून घातलेला असतो.

तीन चुका टाळा.

पहिली, मोटारसायकलचं किंवा ट्रॅक्टरचं इंजिन ऑईल घालू नये. ते जळण्यासाठी बनवलेलं नाही, जळल्यावर राख मागे ठेवतं. गाडीतून काढलेलं काळं ऑईल तर मुळीच नको.

दुसरी चूक किनाऱ्याजवळच्या गावांत होऊ शकते. होडीच्या मशीनचं ऑईल घरात असतं, तेच ग्रासकटरला वापरलं जातं. होडीचं इंजिन पाण्याने थंड होतं, ग्रासकटरचं हवेने. ग्रासकटर जास्त तापतो. तेव्हा टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं होडीचं ऑईल होडीलाच ठेवा.

तिसरी, पेट्रोल वाचवायला रॉकेल मिसळू नये. होडीची काही इंजिनं रॉकेलवर चालतात, म्हणून ग्रासकटर चालेल असं नाही.

मिश्रण कसे करावे?

"दोन झाकणं ऑईल" हे माप सोडून द्या. एका बाटलीचं झाकण दुसऱ्या बाटलीएवढं नसतं. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो मिलिलिटरच्या रेघांचा प्याला, किंवा बिनसुईची २० मिलिची सिरिंज घ्यावी आणि ती याच कामाला वेगळी ठेवावी.

स्वच्छ, कोरड्या कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल घ्या. त्यात सगळं ऑईल घाला. झाकण लावून चांगलं हलवा. मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. दर वेळी टाकी भरण्याआधी कॅन हलवावा. टाकी भरताना गाळणी वापरावी. मिश्रण थेट यंत्राच्या टाकीत करू नये.

कॅनवर रंगाने ठळक लिहून ठेवा : "ग्रासकटर – ऑईल घातलेले". घरात मोटारसायकलचं पेट्रोल असलं, की चूक व्हायला वेळ लागत नाही. चुकून नुसतं पेट्रोल टाकीत गेलं असेल, तर यंत्र चालवू नका. टाकी रिकामी करून मापाचं मिश्रण भरा.

आणि हो, तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नये. ते थंड होऊ द्या, गवतापासून दूर, मोकळ्या जागी भरा आणि तिथून थोडं बाजूला नेऊन सुरू करा. वणवा टाळायला गेलो आणि आपणच लावला, असं नको.

आताच्या पेट्रोलाची एक गोष्ट

२०२३ पासून आपल्याकडे पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता तेच सर्वत्र मिळतं. पुष्कळ टू-स्ट्रोक यंत्रांच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं आहे. आपल्या यंत्राचं काय, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि कार्ब्युरेटर जाणत्या फिटरकडून जुळवून घ्या.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. आपली कोकणची दमट हवा, त्यात कॅनचं झाकण सैल, किंवा वळचणीचं पाणी आत गेलं, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं. ऑईल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतली नळी मात्र तळातूनच ओढते. म्हणजे माप बरोबर असूनही इंजिनाला ऑईल पोचत नाही. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करावे आणि महिन्याच्या आत संपवावे. कॅनमध्ये दोन थर दिसले, तर ते वापरू नये.

हंगाम संपला, की टाकी रिकामी करा, मग यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होईल. पुन्हा काढताना रबरी नळ्या पाहाव्यात. कडक झालेल्या किंवा चिरलेल्या नळ्या बदलाव्यात.

यंत्र काय सांगते तेही ऐका

प्लग अधूनमधून काढून पाहा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल, तर ऑईल जास्त झालं असेल किंवा एअर फिल्टर चोंदला असेल. पांढराफटक असेल, तर इंजिन फार तापतंय, काम थांबवून फिटरला दाखवा. चालता चालता आवाज बदलला, जोर उतरला आणि यंत्र आपणहून मरू लागलं, तर तिथेच बंद करा. गरम यंत्राची दोरी ओढओढ ओढू नका.

मंडळी, वीस मिलि ऑईल म्हणजे चार चमचे. तेवढं मोजायला मिनिटभर लागतं. तेव्हा या हंगामात पहिलं गवत कापायच्या आधी यंत्राची पुस्तिका शोधा, आकडा पाहा, आणि तो मोठ्या अक्षरांत कॅनवर लिहून टाका. म्हणजे घरातल्या कुणीही पेट्रोल भरलं, तरी मापात चूक होणार नाही.

रामराम.