रकान्यांचे वजन

रोगी बरा झाला की नाही, कर्ज फिटले की बुडाले, उमेदवार उत्तीर्ण झाला की अनुत्तीर्ण, असे ज्या प्रश्नांचे उत्तर दोहोंपैकी एकच असू शकते, त्यांचा आगाऊ अंदाज बांधताना आपल्या हाती जी माहिती असते तिच्यातील बराचसा भाग मोजमापाचा नसतोच. स्त्री की पुरुष, धंदा कोणता, गाव कोणते, प्रवास कोणत्या वर्गाचा, अशा नुसत्या गटांत ती वाटलेली असते. वय आणि रक्तदाब यांचा संबंध आलेखावर रेघ काढून दाखविता येतो. परंतु दुसरा वर्ग हा काही पहिल्या वर्गाच्या दुप्पट नव्हे, तेव्हा तेथे रेघ काढावयाची तरी कशाची? आणि तरीही, अशा रकान्यांपैकी कोणत्याचे वजन किती, हे ठरविल्यावाचून ना वैद्याचे चालत, ना पेढीवाल्याचे.

संख्याशास्त्राचे अध्यापक हा विषय शिकविताना ज्या तक्त्याचा वारंवार आधार घेतात, तो 'टायटॅनिक' या बोटीचा. १९१२ च्या १४ एप्रिलच्या रात्री ती हिमनगावर आदळली आणि पहाट होण्यापूर्वीच बुडाली. ब्रिटिश सरकारच्या चौकशीतील आकड्यांवरून सिद्ध झालेल्या या तक्त्यात २२०१ माणसे आहेत. पैकी ७११ वाचली, १४९० दगावली. प्रत्येकापुढे रकाने तीनच : स्त्री की पुरुष, मूल की प्रौढ, आणि पहिला, दुसरा, तिसरा वर्ग किंवा बोटीवरील नोकरवर्ग.

समजा, एखाद्या इसमाविषयी काहीही ठाऊक नसताना तो वाचला की नाही हे सांगावयाचे आहे. शहाणपणाचा मार्ग एकच, की सरसकट सर्वांना मृत म्हणावे. त्यात चुका होतील ७११. आता केवळ स्त्री-पुरुष हा भेद कळला, तर स्त्रियांना जिवंत व पुरुषांना मृत म्हणावे. मग १२६ स्त्रिया आणि ३६७ पुरुष यांच्याबाबत, म्हणजे ४९३ ठिकाणी आपण चुकू. चुका शेकडा ३१ ने घटल्या. त्याऐवजी नुसता वर्ग कळला, तर चुका ६३० वर येतात, म्हणजे शेकडा ११ ची घट; आणि नुसते मूल की प्रौढ एवढेच कळले, तर ७११ च्या ७०६ होतात! गुडमन आणि क्रुस्कल या दोन अमेरिकन पंडितांनी १९५४ साली मांडलेले हे माप आहे, आणि ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्याला ते समजते, हा त्याचा मोठा गुण होय. कार्ल पिअरसनने १९०० साली दिलेल्या काय-वर्ग कसोटीवर आधारलेले, शून्य ते एक यांच्या दरम्यान राहणारे क्रामेरचे माप लावले तरी क्रम तोच येतो : स्त्री-पुरुष ०.४६, वर्ग ०.२९, वय ०.१०.

येथे थांबले तर 'स्त्री-पुरुष भेद महत्त्वाचा, वर्ग दुय्यम' असा निकाल देऊन दप्तर बांधता येईल. प्रत्यक्षात खरी मौज येथूनच सुरू होते. स्त्री-पुरुष भेद ठाऊक असताना वर्गही कळला, तर ४९३ चुकांच्या ४७७ होतात. अवघ्या सोळांचा फरक. पण पहिल्या वर्गातील १४५ स्त्रियांपैकी १४१ वाचल्या आणि तिसऱ्या वर्गातील १९६ पैकी ९० च वाचल्या, हे ज्याने पाहिले तो वर्गाला क्षुल्लक कसे म्हणेल? चुका मोजणारे माप येथे जाड्या चाळणीसारखे वागते : अंदाज 'जिवंत' वरून 'मृत' असा पालटला तरच त्याला फरक दिसतो, पहिल्या वर्गातील स्त्रियांचे शेकडा ९७ आणि दुसऱ्या वर्गातील स्त्रियांचे शेकडा ८८ यांतील अंतर त्यातून निसटून जाते. शिवाय वर्गाचे वजन स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी सारखे नाहीच. पुरुषांत दुसऱ्या वर्गाचे शेकडा १४ वाचले आणि तिसऱ्याचे शेकडा १७. म्हणजे स्त्रियांच्या बाबतीत भराभर उतरणारी पायरी येथे उलटी चढते.

याहून चमत्कारिक गोष्ट नोकरवर्गाची. एकूण पाहता तिसऱ्या वर्गातील उतारू शेकडा २५.२ वाचले आणि नोकरवर्गातील माणसे शेकडा २४.०, तेव्हा नोकरवर्ग सर्वांत दुर्दैवी ठरतो. पण केवळ स्त्रिया पाहा : नोकरवर्गातील शेकडा ८७ वाचल्या, तिसऱ्या वर्गातील शेकडा ४६. केवळ पुरुष पाहा : २२ विरुद्ध १७. दोन्हीकडे नोकरवर्ग वरचढ, आणि बेरीज केली की खाली! कारण उघड आहे. नोकरवर्गातील ८८५ जणांत स्त्रिया २३ च होत्या, आणि पुरुष असण्याचा सारा तोटा वर्गाच्या खाती जमा झाला. म्हणूनच रकान्याचे वजन एकट्याने करू नये. सर्व रकाने घेऊन अंदाजाचे सूत्र बसवावे, मग एक रकाना काढून किंवा त्यातील नोंदी सोडतीप्रमाणे पिसून अंदाज किती बिघडतो ते पाहावे. ही पिसण्याची युक्ती लिओ ब्रायमनने २००१ साली रूढ केली. ती रकान्यांतील दुसरी एक लबाडीही उघडी पाडते : ज्या रकान्यात माणशी वेगळी नोंद आहे, उदाहरणार्थ नाव, तो जुन्या दप्तरापुरता शंभर टक्के अचूक ठरतो, म्हणून पिसून पाहावयाचे ते अंदाज बसविताना न वापरलेल्या माणसांवर, तेथे त्याची किंमत शून्य.

वर सांगितलेल्या सरकारी चौकशीचे प्रमुख लॉर्ड मर्सी; त्यांच्या या चौकशीने तिसऱ्या वर्गाला अन्यायाने वागविले नाही असा निष्कर्ष काढला, आणि सामान सोडण्याची नाखुषी, बोटीच्या टोकांकडील खोल्यांतून वर येण्याची अडचण अशी कारणे दिली. ती पटोत वा न पटोत, तक्ता त्यांवर साक्ष देऊ शकत नाही. वर्गाचे वजन किती हे तो सांगतो, ते कोठून आले हे नाही. स्त्री-पुरुष या रकान्याचीही तीच कथा. बोटीच्या डाव्या बाजूस दुसरे अधिकारी लाइटोलर यांनी वल्ही मारण्यापुरते सोडून पुरुषांना होड्यांत जवळजवळ घेतलेच नाही. उजव्या बाजूस पहिले अधिकारी मर्डॉक यांनी जवळ स्त्री नसेल तर पुरुषाला बसू दिले. एखादा पुरुष वाचला की नाही हे तो कोणत्या बाजूस उभा होता यावरही पुष्कळ अवलंबून होते, आणि 'बाजू' हा रकाना तक्त्यात नाही. त्याचे वजन जे काही असेल ते 'पुरुष' या एका शब्दाच्या पोटात गेले आहे.