आजार वेगळे, दार एकच

शर्कमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला गावाकडून तीन प्रकारचे मेसेज हमखास येतात. तिकडे सोन्याचा भाव काय, सुट्टीवर कधी येतोयस, आणि अमुक औषध तिकडे मिळेल का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी असतात. तिसरा मेसेज मात्र रात्री अकरा-बाराला येतो आणि झोप उडवून जातो.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला लागणारा एक घटक शरीरात जन्मतःच कमी असतो. खरचटलं तर फारसं बिघडत नाही, पण गुडघ्यात किंवा कोपरात आतल्या आत रक्त साचलं की पोरगं रात्रभर तळमळतं आणि वारंवार असं झालं की सांधा कायमचा निकामी होतो. उपाय म्हणजे बाहेरून तो घटक टोचायचा. पेशंट लोक त्याला नुसतं 'फॅक्टर' म्हणतात. सरकारी दवाखान्यातला साठा संपला की ताईचा मेसेज येतो, "अरे, तिकडून कुणी येणार आहे का?" आता फॅक्टर म्हणजे काही मेडिकलच्या दुकानातून घेऊन बॅगेत टाकायची वस्तू नव्हे. ते साधारण २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, महाग असतं आणि डॉक्टरांशिवाय मिळत नाही. समजा एकदा जमलंच, तर एका पोराची एक वेळ निभावली. शेजारच्या तालुक्यातल्या पोराचं काय?

वर्षाला किती कुप्या घ्यायच्या, कुठल्या जिल्ह्याला किती पाठवायच्या, निविदा कधी काढायची, हे सगळं कुणाच्या तरी टेबलावर ठरतं. त्या टेबलाशी अधिकारी असतात, डॉक्टर असतात, कंपन्यांची माणसं चकरा मारतात. ज्याच्या गुडघ्यात रक्त साचणार आहे तो किंवा त्याची आई तिथं क्वचितच असते. इथल्या कुवेती लोकांकडे दिवाणिया असतो. संध्याकाळी पुरुष मंडळी बसतात, चहा-कॉफी होते आणि कुणाचं काम कुठं अडलंय ते बोलता बोलता योग्य माणसाच्या कानावर जातं. आपल्या पेशंटला असं बसायला जागा नाही. त्याला ती जागा संघटनेतूनच करून घ्यावी लागते.

अशी जागा आपल्या लोकांनी पूर्वी केलेली आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. हिमोफिलियाचंच बघा. १९६३ मध्ये कॅनडात फ्रँक श्नाबेल यांनी जागतिक महासंघ उभा केला. ते स्वतः हिमोफिलियाचे रुग्ण होते. १७ एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन म्हणजे त्यांचा जन्मदिवस. १९८३ मध्ये दिल्लीत अशोक बहादुर वर्मा यांनी भारतीय हिमोफिलिया महासंघ सुरू केला, तेही स्वतः पेशंटच. आज गावोगावच्या शाखा त्या एका छपराखाली आहेत. पुढं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे तिन्ही रक्ताचे आजार यादीत आले. कायद्यासाठी सगळ्या दिव्यांग संघटनांनी मिळून रेटा लावला होता. पण त्याच कायद्यातल्या नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना जागा नाही. यादीत नाव लागलं, पण नोकरीच्या रांगेत नाही. म्हणजे अर्धं काम झालं, अर्धं राहिलं.

एचआयव्हीचं उदाहरण तर जास्त बोलकं आहे. ज्या काळात हा आजार असल्याचं उघड सांगणं म्हणजे घरातून आणि गावातून उठणं होतं, त्या काळात, १९९७ मध्ये, एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांनी आपलं देशव्यापी नेटवर्क काढलं. महाराष्ट्रातही त्यांचं स्वतःचं नेटवर्क उभं राहिलं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधं मोफत मिळायला लागली. २०१७ मध्ये भेदभावाविरुद्ध कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. हे कुणी वरून आणून दिलं नाही. पेशंट बैठकीला गेले, रस्त्यावर बसले, कोर्टात गेले. २०२२ च्या जुलैत औषधांचा तुटवडा झाला तेव्हाही दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात हेच लोक धरणं धरून बसले होते.

मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं रक्ताच्या कर्करोगावरच्या एका औषधाच्या पेटंटला हरकत घेतली होती. त्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर, आणि भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. एका शहरातल्या पेशंटच्या संस्थेनं घेतलेल्या हरकतीचा फायदा कुठल्या कुठल्या देशातल्या रुग्णांना झाला.

मग अडतं कुठं? अडतं ते असं की प्रत्येक आजार आपापल्या दारावर एकटा थाप मारतो. हिमोफिलियावाले एका दिवशी निवेदन देतात, थॅलेसेमियावाले दुसऱ्या दिवशी, डायलिसिसवाले तिसऱ्या. साहेब तिघांनाही चहा पाजतो आणि तिघांनाही 'बघतो' म्हणतो. खरं तर मागण्या नीट मांडून पाहिल्या तर निम्म्या सारख्याच निघतील. सुरक्षित रक्ताचंच घ्या. १९८० च्या दशकात जगभर हजारो हिमोफिलिया पेशंटना दूषित रक्तघटकांतून एचआयव्ही झाला. म्हणजे हे दोन आजार वेगळे आहेत असं म्हणायची सोयच राहिली नाही. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली ती सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालामुळं, १ जानेवारी १९९८ पासून. त्या एका निर्णयाचा लाभ थॅलेसेमियाच्या लेकराला झाला, बाळंतिणीला झाला, अपघातात सापडलेल्याला झाला.

म्हणून सगळ्या आजारांच्या संघटनांचं मिळून एक शिखर मंडळ हवं. ही काही नवी कल्पना नाही. ऑस्ट्रेलियात १९८७ पासून आरोग्यसेवेच्या ग्राहकांचा असा मंच आहे. रुग्ण संघटनांची जागतिक आघाडी १९९९ ची, युरोपचा रुग्ण मंच २००३ चा. युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या संचालक मंडळावर रुग्ण संघटनांचे दोन प्रतिनिधी बसतात. भारतातही इंडियन अलायन्स ऑफ पेशंट ग्रुप्स आहे. महाराष्ट्रात जन आरोग्य अभियान रुग्णहक्कांसाठी कित्येक वर्षं काम करतंय, आणि २०२१ मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. पाया आहे. पण तालुक्यातल्या ताईला यातलं कुणी दिसत नाही. छप्पर दिल्ली-मुंबईत आहे आणि भिंती अजून तिच्यापर्यंत आलेल्या नाहीत.

सॉफ्टवेअरवाला म्हणून माझा अनुभव असा की वेगवेगळ्या सिस्टिम जोडायच्या तर सगळं एक करायला जायचं नाही. कुठल्या चार गोष्टी सारख्या ठेवायच्या तेवढं ठरवायचं. संघटनांचंही तेच. प्रत्येकीनं आपलं नाव, आपला कारभार, आपली माणसं ठेवावीत. चार गोष्टी मात्र सारख्या असाव्यात.

पहिली, खुर्चीत पेशंट किंवा त्याच्या घरचा माणूस हवा. डॉक्टर सल्लागार म्हणून शेजारी बसतील. दुसरी, मागण्या थोड्या आणि सगळ्यांच्या हव्यात: औषधाचा अखंड साठा, सुरक्षित रक्त, तक्रारीला ठराविक मुदतीत उत्तर. तिसरी, पैसा कुठून आला ते वेबसाइटवर लिहिलेलं हवं. औषध कंपन्या अशा संस्थांना जगभर देणग्या देतात. त्या घेऊच नयेत असं नाही, पण ज्या कंपनीचे पैसे घेतले तिच्याच औषधासाठी बोलायचं असेल तर लोकांना ते आधी कळलं पाहिजे. चौथी, मोजणी. सरकार पहिला प्रश्न विचारतं, 'किती पेशंट?' व्हॉट्सॲप ग्रुपची मेंबरसंख्या हे त्याचं उत्तर होत नाही. जिल्हावार नोंद हवी, आणि तीही पेशंटच्या संमतीनं, नावं बंद कुलपात ठेवून. एचआयव्हीच्या यादीचा स्क्रीनशॉट फिरला तर माणूस गावातून उठतो.

ही नोंद हातात असली की पुढचं बोलणं बदलतं. महाराष्ट्रात आता औषध खरेदीसाठी २०२३ च्या कायद्यानं वेगळं प्राधिकरण झालंय. सरकारी दवाखान्यांत साठ्यासाठी ई-औषधी ही संगणक प्रणाली आहे. प्राधिकरणासमोर सगळ्या संघटनांनी मिळून वर्षाची गरज निविदेच्या आधी लेखी मांडावी, आणि साठा किती उरला ते पेशंटला मोबाइलवर दिसू द्या, असं मागावं. माहिती मशिनमध्ये असताना ताईनं रात्री कुवेतला मेसेज का करायचा?

आता आपल्यासारख्यांचं काम. पहिलं म्हणजे, इथं वर्गणी गोळा करू नका. कुवेतमध्ये सरकारी परवानगीशिवाय देणग्या जमवणं कायद्यात बसत नाही, हेतू कितीही चांगला असो. ज्यानं त्यानं आपले पैसे आपल्या बँकेतून थेट तिकडच्या नोंदणीकृत संस्थेला पाठवावेत. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी एफसीआरएखाली परदेशी मानली जात नाही. आखातातले आपण जवळपास सगळे भारतीय पासपोर्टवालेच, कारण इथं नागरिकत्व मिळत नाही. अमेरिका-इंग्लंडचं नागरिकत्व घेतलेल्यांना मात्र हा नियम लागू नाही, त्यांनी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आहे का ते आधी विचारावं.

दुसरं, वस्तू देण्यापेक्षा माणूस उभा करा. व्हीलचेअरवर देणगीदाराचं नाव लिहिता येतं, म्हणून तिला पैसे पटकन मिळतात. ऑफिसचं भाडं, एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचा पगार, मुंबईच्या बैठकीला जाणाऱ्या आईचं एसटीचं तिकीट, याला कुणी देत नाही. आणि छप्पर त्यावरच टिकतं. तिसरं, आपल्या हातातलं काम द्या. नोंदवही सुरक्षित करून देणं, सरकारी मसुद्यावरच्या हरकती मुदतीत इंग्रजीत लिहून देणं, हे शर्कमधल्या टेबलावरून शुक्रवारी दोन तासांत होतं. निर्णय मात्र तिकडच्या पेशंटचा. आपण इथून कारभार चालवायला गेलो तर ते आणखी एक परदेशातलं मंडळ होईल.

येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढं करा. आपल्या घरात किंवा नात्यात जो दीर्घ आजार असेल, त्याची जिल्ह्यातली संघटना शोधा, पेशंटला तिचा सभासद करा, आणि तिच्या पदाधिकाऱ्याला विचारा की शेजारच्या आजाराच्या संघटनेला तुम्ही शेवटचं कधी भेटलात. उत्तर 'कधीच नाही' असं आलं, तर दोघांना एका चहावर बसवायचं काम तुमचं.