घर पाहावे शोधून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात 'चित्रपटासाठी घर पाहावे शोधून' अशी भर घालावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आम्ही सहा विद्यार्थ्यांनी मिळून वीस मिनिटांचा एक मानसशास्त्रीय थरारपट करायचे ठरवले आणि त्यासाठी घर शोधण्याची कामगिरी माझ्यावर आली. पेण आणि रोहा या दोन गावांत मिळून मी पंधरा-सोळा घरे पाहिली. या भटकंतीत जे समजले ते पुढे असा उद्योग करू इच्छिणाऱ्यांच्या कामी यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक फरक स्पष्ट केला पाहिजे. भयपटात बाहेरचे काहीतरी घरात शिरते. मानसशास्त्रीय थरारपटात बाहेरून कोणी येण्याची गरज नसते. माणसाचा स्वतःच्या डोळ्या-कानांवरचा विश्वास उडू लागतो आणि भीती तेथून सुरू होते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे पॅट्रिक हॅमिल्टन यांचे 'गॅस लाइट' हे १९३८ सालचे इंग्रजी नाटक. १९४४ साली त्यावर निघालेल्या हॉलिवुडच्या चित्रपटात इन्ग्रिड बर्गमन यांनी नायिकेचे काम केले. नवरा गुपचूप माळ्यावर जाऊन तेथला गॅसचा दिवा लावतो, त्यामुळे खाली पत्नीच्या खोलीतला दिवा मंदावतो. तिला ते दिसते, पण नवरा म्हणतो, हा तुझा भास आहे. दुसऱ्याला त्याच्याच बुद्धीविषयी शंका घ्यायला लावणे, याला आज 'गॅसलायटिंग' म्हणतात ते याच कलाकृतीवरून. आपल्याकडे १९९९ साली राम गोपाल वर्मा यांनी 'कौन' हा चित्रपट एका घरात आणि मोजक्या पात्रांत उभा केला. या दोन्ही ठिकाणी माळा, दार, जिना या वस्तू कथानक पुढे नेतात. अशा चित्रपटात घर हे एक पात्रच असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

आमच्या कथेतली सून सासूच्या मृत्यूनंतर गावच्या घरी एकटी राहायला येते. रात्री ओटीवरचा झोपाळा करकरतो, सकाळी मागच्या दाराची कडी काढलेली दिसते. हे खरोखर घडते आहे की तिचे मन तिला फसवते आहे, एवढाच प्रश्न. तेव्हा झोपाळा, माजघर, माळा आणि परसाकडे उघडणारे मागचे दार या चार गोष्टी घरात असणे आवश्यक होते.

रोह्यात पाहिलेले पहिलेच घर मित्रांना पसंत पडले. मालक मुंबईला, घर कित्येक वर्षे बंद, कौले घसरलेली, आढ्याला वटवाघळे. 'आयताच सेट मिळाला!' असे एकजण म्हणाला. मला मात्र ते घर पटले नाही. एक तर पायाखालची फळी केव्हा मोडेल याचा नेम नव्हता. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पडके घर पाहताक्षणीच प्रेक्षक सावध होतो, आता काहीतरी होणार हे त्याला ठाऊक असते. याउलट, ज्या घरात फडताळात बरण्या ओळीने मांडल्या आहेत, खुंटीवर छत्री आहे, दोरीवर लुगडे वाळत आहे, तेथे एक बरणी जागची हलली तरी काळजात चर्र होते. नित्यक्रम असेल तरच तो बिघडू शकतो. म्हणून आम्ही नांदते घर शोधायचे ठरवले.

कोकणातल्या जुन्या घराची रचना अशा कथेला फारच सोयीची असते. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी व परसू. दारे बऱ्याचदा एका रेषेत येतात. कॅमेरा ओटीवर ठेवला तर तीन चौकटींतून पलीकडची व्यक्ती दिसते. ती जितकी आत जाईल तितकी लहान आणि एकाकी होत जाते. माजघराला खिडकी नसली किंवा अगदी लहान असली, तर भरदुपारीही तेथे अंधार असतो. राहणाऱ्याची ती अडचण, आमची मात्र सोय!

परंतु डोळ्यांना आवडलेली खोली कॅमेऱ्याला पुरेलच असे नाही. त्यासाठी टेप हवी. महाविद्यालयीन मंडळींना सहसा मिळणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला १८ मिलिमीटरचे भिंग लावले, तर दहा फुटांवरून सुमारे बारा फूट रुंदीचे दृश्य मिळते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने तेवढ्याच अंतरावरून जेमतेम साडेचार फूट. दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा, तिकाटणे आणि ते हाताळणारा यांतच तीन फूट जातात. मग रुंद भिंग लावावे, तर चौकटींच्या कडा तिरप्या होतात आणि खोली आहे त्याहून मोठी भासते. आम्हाला तर ती आवळत आलेली दाखवायची होती. यावर उपाय एकच: कॅमेरा शेजारच्या खोलीत ठेवून दारातून चित्रण करणे. म्हणून नुसती खोली पाहून भागत नाही, तिच्या दारासमोर किती मोकळी जागा आहे तेही मोजावे लागते.

प्रकाशाचे गणितही असेच आहे. आपल्या भागात डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या पडवीत ऊन आतपर्यंत येते. मे महिन्याच्या मध्याला तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि तीच पडवी सावलीत जाते. एका महिन्यात पाहिलेले घर दुसऱ्या महिन्यात निराळे दिसते ते यामुळे. पावसाळ्यात झापे लावली, की उजेडाचा प्रश्नच मिटतो. रात्रीचे प्रसंग आम्ही खिडक्यांना काळे कापड लावून दिवसाच घेण्याचे ठरवले. सत्यजित राय यांनी १९५५ सालच्या 'पथेर पांचाली'साठी कलकत्त्याजवळच्या बोडाल गावातले घर वापरले, पण रात्रीची दृश्ये स्टुडिओत घेतली. स्टुडिओ नसलेल्याने काळ्या कापडावर भागवावे.

विजेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तोच दगा देतो. साध्या प्लगची क्षमता सहा अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉट. हजार वॉटचा एक हॅलोजन लावला, की दुसऱ्याला जागा नाही. जुनी वायरिंग असेल तर तोही जपूनच.

सर्वांत कठीण परीक्षा ध्वनीची. पेणमध्ये एक सुरेख घर मिळाले होते, पण मुंबई-गोवा महामार्गाच्या ट्रकचे हॉर्न थेट माजघरात येत. रोह्यात स्टेशनजवळच्या घरात रात्री निजल्यावर गाड्यांची खडखड ऐकू येई. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासूनच सुरू होतो, तेव्हा वर्दळ असणारच. प्रत्येक घरात मी पंखा आणि फ्रिज बंद करवून पाच मिनिटे डोळे मिटून बसत असे. घरच्या मंडळींना त्याची गंमत वाटे. एका काकूंनी विचारले, "बाळा, ध्यान लावतोस का रे?" पण झोपाळ्याची करकर ऐकवायची, तर तिच्याभोवती शांतता हवीच.

आता ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे वळतो.

पेणला एका घरात गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. पेण, हमरापूर, जोहे या परिसरात असे कारखाने घरोघरी आहेत आणि काम जवळजवळ वर्षभर चालते. पडवीत फळ्यांवर ओळीने पांढऱ्या मूर्ती, डोळ्यांची आखणी व्हायची राहिलेली. संध्याकाळच्या उजेडात ते दृश्य पाहून आमच्या छायाचित्रकाराचे भान हरपले. मालकांनी परवानगीही दिली. तरीही ते दृश्य घ्यायचे नाही असे आम्ही ठरवले. ज्या मूर्तींवर त्या घराची श्रद्धा आणि चूल दोन्ही चालते, त्यांना भीतीचे साधन करणे आमच्या कथेला आवश्यक नव्हते. केवळ दिसायला छान, एवढे कारण पुरेसे नाही.

शेवटी रोह्यात मनासारखे घर मिळाले. तेथल्या आजींनी चहा दिला, कथा शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "पोरांनो, शेवटी वाईट कोण ठरतं तुमच्या गोष्टीत, घर की माणूस? माझी नात लग्नाची आहे."

हा प्रश्न चित्रपटकलेच्या कुठल्याही पुस्तकात मला भेटला नव्हता. शहरात घराला नंबर असतो, लहान गावात घराला नाव असते. 'त्या घरात काहीतरी आहे' ही कुजबुज एकदा सुरू झाली, की घर विकणे अवघड होते आणि सोयरीक जमणेही. शिवाय मन आजारी झालेल्या बाईला डॉक्टरऐवजी भगताकडे नेण्याचे प्रकार अजून संपलेले नाहीत. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, पण मनातली समजूत कायद्याने एका दिवसात जात नाही. आमच्या चित्रपटाने त्या समजुतीला खतपाणी घालावे काय? आजींना उत्तर देण्यासाठी आम्ही पटकथा पुन्हा चाळली आणि शेवट संदिग्ध न ठेवता कडी काढणारा माणूस स्पष्ट दाखवायचे ठरवले. थोडे गूढ कमी झाले खरे; पण घर निर्दोष सुटले, आणि सुनेचे मनही.

मग एका कागदावर सर्व लिहून दोघांनी सह्या केल्या. तारखा, वेळा आणि माणसांची संख्या. कोणत्या खोल्या वापरायच्या. देवघराचे चित्रण नाही. घराचा दर्शनी भाग आणि नावाची पाटी दिसणार नाही. विजेच्या मीटरचा आकडा आधी व नंतर टिपून पैसे द्यायचे. प्रत्येक वस्तूचे आधी छायाचित्र घेऊन ती जागच्या जागी ठेवायची. आणि चित्रपट सर्वांत आधी त्या घरच्या मंडळींना दाखवायचा.

पुढच्या वर्षी कोणी हे काम अंगावर घेतले, तर बरोबर टेप, होकायंत्र आणि वही न्यावी. त्याहून आधी आपली कथा, शेवटासकट, चार वाक्यांत सांगण्याची तयारी करावी. उंबरठ्याशी उभे राहून ती सांगताना कोठे जीभ अडखळली, तर घर बदलण्याआधी कथा पुन्हा वाचून पाहावी. आपला चित्रपट वीस मिनिटांत संपतो. त्या घरात मात्र माणसांना उद्याही दिवेलागण करायची असते.