जाम इंजिन : खोलायचं की बदलायचं?

आपल्या एका सभासदाची वडिलांच्या वेळची पद्मिनी दोन पावसाळे झाडाखाली उभी होती. सुपा धरणावरची मासळी एकेकाळी याच गाडीतून दांडेलीला जायची. इंजिन पूर्ण जाम. "भंगारात द्या," सगळे म्हणाले. आम्ही म्हटलं, आधी बघू तर!

चारही प्लग काढून सिलिंडरांत थोडं डिझेल आणि ऑइल सोडलं, आठ दिवस थांबलो. स्टार्टर मारलाच नाही. जबरदस्ती केली की रिंगा तुटतात, बोअरला चरे पडतात. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू मागे-पुढे केलं. नवव्या दिवशी फिरलं! हेड उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरात गंज. चारही बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा टाकल्या.

ब्लॉकला तडा असेल तर मात्र इंजिन बदलणंच बरं. पण इंजिन नंबर आरसी बुकात असतो, आरटीओत नोंद करायला विसरू नका.

होडीवाल्यांनो, तुमचंही तसंच. इंजिनात पाणी गेलं तर त्याच दिवशी काढा. होडी बंद असली तरी पंधरा दिवसांनी इंजिन हाताने फिरवा. आज दोन मिनिटं द्या, सीझनला रडायची पाळी येणार नाही.