कोपऱ्यातल्या डेस्कटॉपला प्रिंटरचं काम द्या
साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात धानविक्रीच्या नोंदणीचे दिवस आले की सातबारा, आधार, पासबुक यांच्या प्रतींसाठी झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते. अशा दुकानातला जुना लेझर प्रिंटर पुष्कळदा धडधाकट असतो. पण त्याची केबल 25 पिनांची, आणि नव्या लॅपटॉपला ती लावायला जागाच नसते. म्हणून चांगला प्रिंटर भंगारात जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या डेस्कटॉपला मात्र ती केबल लावायचं पोर्ट बहुधा असतं. त्यावर लिनक्स टाका, ‘कप्स’ ही छपाईची प्रणाली सुरू करा आणि लॅन केबलने तो राउटरला जोडा. लॅपटॉपला नेटवर्कवर फक्त एक प्रिंटर दिसेल. प्रोसेसर 32 बिटचा असेल तर लिनक्सच्या ‘डेबियन’ या प्रकाराची 12वी आवृत्ती घ्यावी. 2025च्या 13व्या आवृत्तीपासून तशा मशीनवर डेबियन नव्याने टाकता येत नाही.

मॉनिटर-कीबोर्ड काढण्याआधी बायोसमध्ये दोन गोष्टी बघा. कीबोर्ड सापडला नाही म्हणून सुरू होतानाच अडून बसण्याची सवय बंद करायची. आणि लाइट गेली, परत आली, की मशीन आपोआप सुरू व्हावं असं ठरवून द्यायचं. मदरबोर्डवरचा बटणसेलही तेव्हाच बदला. तो संपलेला असेल तर प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर ही सगळी मेहनत पुसली जाते.

एका संगणकाने दुसऱ्याच्या हाताखाली राबणं जुनंच आहे. 1984पासून ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत आलेल्या ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकाला ‘ट्यूब’ नावाच्या जोडणीवर दुसरा प्रोसेसर लावता येई. मग हिशेब तो दुसरा करी, आणि कीबोर्ड, पडदा, डिस्क मायक्रो सांभाळी. आज मोबाइलमध्ये असणाऱ्या ‘आर्म’ घराण्याची पहिली चिप 26 एप्रिल 1985 रोजी चालली, ती याच मायक्रोच्या आधाराने.

विजेचा हिशेब मात्र करायलाच हवा. 60 वॅट ओढणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर महिन्याला 43 युनिट खातो. रोज दहा तासच चालवला तर 18. दुकान बंद करताना प्लग ओढू नका. पॉवरचं बटण एकदा हलकेच दाबा आणि पंखा थांबेपर्यंत थांबा. तेवढ्या वेळात तो आपल्या फाइली नीट मिटून घेतो.