पेन्सिलीनं लिहिलेली ड्युटी

परतवाड्याला बहिणीच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या खिळ्याला, कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कोणाचं लग्न, कोणाची तेरवी, हे सगळं त्यावर निळ्या पेननं लिहिलेलं. आणि चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, 'पहाट', 'रात्र', 'सुटी'. ही भाचीची ड्युटी. भाची एका मोठ्या शहराच्या विमानतळावर, एका विमान कंपनीच्या काउंटरवर काम करते. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. तिला तिथं नोकरी करायची आहे.

पेन्सिल कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. बहीण म्हणाली, "पेननं कशी लिवू? दुपारी लिवलं का राती बदलते."

बहीण जुनी कालनिर्णयं फेकत नाही. या जानेवारीत मी २०२२ पासूनची चारही काढली आणि पानं उलटत बसलो. मे महिन्यातल्या एका रविवारी 'सुटी' तीनदा लिहून तीनदा खोडलेली आहे. खोडरबरानं कागद इतका पातळ झालाय की उजेडापुढे धरला तर मागच्या बाजूची अक्षरं दिसतात. त्या रविवारी घरात साक्षगंध होतं. भाची आली नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं. येण्यासाठी तिनं तीनदा सुटी मिळवली आणि तिन्ही वेळा ती हातची गेली, हे त्या कागदानं सांगितलं.

आपल्या देशातल्या विमान कंपन्यांमध्ये काम करणारी माणसं गेली सतरा-अठरा वर्षं एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी सांगत आली आहेत. विमानं मोजता, मार्ग मोजता, तशी आम्हालाही मोजा.

ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजनं रातोरात शेकडो जणांना घरी बसवलं. एकूण १,९०० जणांना काढायचं ठरलं होतं. त्यातली बरीच विशी-बाविशीची, नुकतीच प्रशिक्षण संपवून गणवेश घातलेली पोरं. मुंबई विमानतळावर त्या गणवेशातच ती रस्त्यावर उतरली, राज ठाकरेंकडे गेली, आणि एक-दोन दिवसांत कंपनीनं सगळ्यांना परत घेतलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, त्याच कंपनीच्या वैमानिकांनी संघटना काढली म्हणून दोघांना काढण्यात आलं, तेव्हा बाकीचे आजारपणाची रजा टाकून बसले. पाच दिवस विमानसेवा विस्कळीत राहिली. विमान उद्योगात तेव्हापासून आजारपणाची रजा हेच संपाचं दुसरं नाव झालं. उघड संप करायची सोय नाही, बोलायला गेलं तर नोकरी जाते, मग माणूस अंगात ताप आहे असं कळवतो.

२०१२ साल तर अख्खं तसंच गेलं. एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. किंगफिशरच्या इंजिनिअर आणि वैमानिकांना कित्येक महिने पगार नव्हता. त्यांनी काम थांबवलं आणि ऑक्टोबरात कंपनीचा परवानाच निलंबित झाला.

मात्र सगळ्यात जिव्हारी लागलं ते २०१९. जेट एअरवेज मुंबईची कंपनी. १९९३ पासून उडणारी, शंभरावर विमानं बाळगलेली, सुमारे १६ हजार नोकरदारांची. त्यात मराठी घरं किती होती ते वसई-विरारपासून डोंबिवलीपर्यंत कुणालाही विचारा. २०१८ च्या मध्यापासून पगार लांबायला लागले. २०१९ च्या जानेवारीपासून वैमानिक आणि इंजिनिअरांचे पूर्ण थांबले. मार्च अखेरीस नरेश गोयल संचालक मंडळावरून पायउतार झाले, बँकांनी तातडीचे पैसे द्यायला नकार दिला, आणि १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेलं विमान शेवटचं ठरलं. चालत्या कंपनीत माणूस तीन-तीन महिने पगाराविना कामावर येतो, यामागचा विश्वास केवढा असेल! कंपनी सावरेल, आपण सोडून गेलो तर ती बुडेल, असं वाटून लोक येत राहिले. त्या विश्वासाची किंमत त्यांच्या घरांनी मोजली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवायचा आदेश दिला, तोवर साडेपाच वर्षं उलटून गेली होती. उत्पन्न थांबल्यावर घराची काय गत होते हे अचलपूर-परतवाड्याला नवीन नाही. आपली फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली, त्यानंतर कामगारांनी किती चकरा मारल्या ते आपण पाहिलंय.

त्याच टाळेबंदीत विमानंही जमिनीवर आली. इंडिगोनं जुलै २०२० मध्ये दहा टक्के नोकरदार कमी केले, उरलेल्यांचे पगार कापले. हे समजू शकतं. विमान उडत नसेल तर पैसा कुठून येणार. पण दोन वर्षांत प्रवासी परत आले, गर्दी पुन्हा वाढली, आणि कमी केलेली माणसं त्या वेगानं परत आली नाहीत. २ जुलै २०२२ ला इंडिगोचे इतके कर्मचारी एकदम 'आजारी' पडले की निम्म्याहून जास्त विमानांना उशीर झाला. त्याच दिवशी एअर इंडियाची भरती होती. त्यानंतरच्या आठवड्यात कमी पगारावरून तंत्रज्ञ रजेवर गेले.

भाची नोकरीला लागली ती याच २०२२ मध्ये. बारावीनंतर नागपूरला ग्राउंड स्टाफचा कोर्स केला होता. पहिल्या गणवेशातला फोटो बहिणीनं सदर बाजारातून फ्रेम करून आणला. पहिल्या चार महिन्यांच्या कालनिर्णयात खाडाखोड नाही. नंतर सुरू होते.

ड्युटीचं गणित परतवाड्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. आपल्याकडे एसटीचा डेपो आहे. चालक हजर आहे, गाडी उभी आहे, पण वाहक आला नाही तर फेरी रद्द होते. मेळघाटातल्या एखाद्या गावी मुक्कामी जाणारी गाडी रात्री पोचते, चालक तिथंच सीटवर अंथरूण टाकतो आणि पहाटे तीच गाडी घाटातून खाली आणतो. त्याची झोप झाली की नाही, यावर पन्नास जणांचा जीव. एसटीचा २०२१-२२ चा संप पाच महिन्यांवर चालला, तेव्हा विलीनीकरणाची मागणी गाजली. पण स्टँडवर बसलेल्या कुठल्याही चालकाशी बोललं तर तो आधी डबल ड्युटीचंच सांगायचा.

वैमानिकाचं तसंच आहे, फक्त घाट आभाळात आहे. त्यानं आठवड्यात किती उडायचं, रात्री किती वेळा विमान उतरवायचं, किती तास झोपायचं, याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या नागपूरच्या विमानतळावर एक वैमानिक पुण्याच्या उड्डाणाआधी बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. त्याला पुरेशी विश्रांती मिळाली होती असं कंपनीनं सांगितलं. पण वैमानिकांच्या थकव्यावरचं बोलणं त्यानंतर दाबता आलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयानं नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची उतरणी सहावरून दोन. रात्र म्हणजे बारा ते पाच नव्हे, बारा ते सहा. त्या एका तासाचं मोल पहाटे उठणाऱ्यालाच कळेल. नियम जून २०२४ पासून लागायचे होते. कंपन्यांनी हरकत घेतली, तारीख पुढे गेली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी दोन टप्पे ठरले: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५.

मधल्या काळात इशारे कमी नव्हते. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये 'विस्तारा' कंपनीचे वैमानिक नव्या पगार-करारावर आणि थकव्यावर बिथरले, रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूनं एकदम आजारपणाची रजा टाकली. कंपनीनं पंचवीस जणांना काढलं आणि दोन दिवसांत परत घेतलं. जुलैत मुंबईला कलिन्यात सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या २,२१६ जागांसाठी सुमारे पंचवीस हजार पोरं लोटली, चेंगराचेंगरी होता होता राहिली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातूनसुद्धा पोरं गेली होती. त्या दिवशीचं चित्र मला विसरता येत नाही. फाटकाबाहेर काम मागणारे पंचवीस हजार, आणि फाटकाच्या आत माणूस कमी म्हणून दुप्पट राबणारे. बाहेर एवढी रांग असली की आतल्याला तक्रार करायची हिंमत उरत नाही.

आणि मग १६ एप्रिल २०२५. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमान उतरलं. अलायन्स एअरचं एटीआर, पंख्याचं. मुख्यमंत्री आले, आपल्याकडच्या बायाबापड्याही बघायला गेल्या. मला खरोखर आनंद झाला. एअर इंडियानं तिथं वैमानिक प्रशिक्षणाची संस्था काढायचं ठरवलंय, वर्षाला १८० वैमानिक घडवायचं उद्दिष्ट आहे, त्यासाठी ३४ छोटी विमानं मागवली. वऱ्हाडातली पोरं वैमानिक होतील ही गोष्ट लहान नाही. त्यांना ड्युटीचा कागद कसा मिळणार आहे, हेही त्यांच्या आईबापांनी आजपासून विचारलं पाहिजे.

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. देशातल्या दर तीन विमानप्रवाशांतले जवळजवळ दोन इंडिगोनं जातात. नव्या नियमांचा दुसरा टप्पा लागून महिना झाला होता आणि पुरेसे वैमानिक हाताशी नव्हते. विमान पुण्याला, वैमानिक हैदराबादला, त्याचे तास संपलेले. त्याच्या जागी पाठवायला स्टँडबायवर कोणी नाही. ते विमान हललं नाही की त्याचं पुढचं, आणि पुढच्याचं पुढचं अडकतं. ५ डिसेंबर या एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द झाली, १,८५२ ना उशीर झाला, तीन लाखांवर माणसं अडकली. सरकारनं तिकिटांच्या दरावर मर्यादा घातली, कंपनीला दहा टक्के उड्डाणं कमी करायला सांगितलं. जानेवारीत २२ कोटी २० लाखांचा दंड झाला. चौकशीत दिसलं ते हेच, की माणसं आणि विमानं अगदी काठोकाठ वापरली जात होती आणि अडचणीसाठी शिल्लक काही ठेवलेलं नव्हतं.

हे काठोकाठ वापरणं एका रात्रीत घडलेलं नव्हतं. नियम जवळजवळ दोन वर्षं आधी कागदावर आले होते. वैमानिक घडायला, त्याला त्या जातीच्या विमानावर तयार करायला वेळ लागतो, हे कंपनीला कोणी सांगायला नको. तरी माणसं वाढली नाहीत. आणि गोंधळ झाल्यावर पहिली सवलत कशात दिली गेली? वैमानिकांच्या विश्रांतीतच. इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत रात्रीच्या उतरणीच्या नियमांतून सूट मिळाली. ज्या झोपेसाठी दोन वर्षं कोर्टकचेरी झाली, ती एका दुपारी परत गेली. प्रवाशांचे हाल थांबवायचे होते हे मान्य. पण हिशेबात चुकणारा एक आणि भरणारा दुसरा, याचा मला राग आहे आणि तो लपवावासा वाटत नाही.

भाचीची कंपनी वेगळी. तिची विमानं उडत होती. पण अडकलेले सगळे जे काउंटर उघडं दिसेल तिकडे धावले. तिच्याकडे चार काउंटर होते आणि माणसं दोन. एक म्हातारे गृहस्थ नातवाच्या बारशाला निघालेले, हातात चांदीच्या वाळ्यांची डबी. ते ओरडले नाहीत. ती डबी त्यांनी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, पोरी, कसंही कर. जागा नव्हती. त्यांच्या मागच्यानं तिच्या अंगावर तिकिटाचा कागद फेकला. नऊ तासांची शिफ्ट चौदा तासांवर गेली. तेरा तास ती उभी होती.

"मामा," ती फोनवर म्हणाली, "लोकं मलेच बोलतात ना. मी काय इमान उडोतो का? आम्हाले बी त्याच स्क्रीनवर दिसते, जे त्यायले दिसते. अर्धा तास लेट. मंग अजून अर्धा तास. वरून कोणी सांगतच नाही."

तिला कंपनीकडून काय हवंय, हे मी विचारलं. पगारवाढ म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, पंधरा दिवसांचं रोस्टर आधी द्या, आणि दिलं की बदलू नका. काउंटर चार उघडायचे तर माणसं चार द्या. आणि विमान उडणार नाही हे तुम्हाला कळलं असेल तर आम्हालाही त्याच वेळी सांगा, म्हणजे समोरच्याशी खोटं बोलावं लागणार नाही. तिसऱ्या मागणीवर तिचा आवाज बदलला होता.

जानेवारीच्या शेवटी ती घरी आली. तीन दिवसांची सुटी होती, बहिणीनं कालनिर्णयाच्या तीन चौकटींत लिहिली होती, पेन्सिलीनंच. पहिला दिवस ती झोपली. दुसऱ्या दिवशी मायलेकी चिखलदऱ्याला जाऊन आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं पुरणाची डाळ शिजायला टाकली आणि फोन आला: संध्याकाळऐवजी दुपारी निघावं लागेल, पहाटेची ड्युटी लागलीय. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. बॅग, पुरणपोळीचा डबा, पायात साधे बूट. ड्युटीचे बूट बॅगेत, कारण त्यांनी टाचा सोलल्या जातात. अमरावतीची एसटी लागली. चालकानं घड्याळ पाहिलं, वाहकानं बेल मारली.

घरी परतलो तर बहीण कालनिर्णयासमोर उभी होती, हातात खोडरबर. आसेगाव यायच्या आत लेकीचा मेसेज आला होता. गुरुवारची सुटीही गेली.